मोटरहोमच्या मागे कार बांधताय? आधी तिच्या ब्रेकचं बघा

शाळांना उन्हाळी सुट्टी लागायची वेळ आली की अमेरिका आणि कॅनडातल्या मराठी वाचकांकडून एकाच विषयावर फिरून फिरून विचारणा होते. मोटरहोम घेतलंय, यलोस्टोनला जायचं ठरलंय, आई-बाबाही भारतातून आलेत. कॅम्पग्राउंडवर मोटरहोम एकदा लावलं की दूध-भाजी आणायला आणि आसपास फिरायला छोटी गाडी हवी, म्हणून घरचीच कार मागे बांधून न्यायची. मग प्रश्न सुरू होतात. आमची होंडा चालेल का? मागच्या गाडीला वेगळे ब्रेक लागतात का? आमच्या राज्यात सक्ती नाही म्हणतात, मग तो खर्च कशाला? विकणारा तर म्हणाला, एवढ्या मोठ्या मोटरहोमला कारचं वजन जाणवणारसुद्धा नाही, ते खरं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ओढताना फारसं जाणवणार नाही. थांबवताना जाणवेल. मोटरहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या कमाल वजनाच्या हिशेबाने बनवलेले असतात. मागून ढकलत येणारी दोन टनांची कार त्या हिशेबात नसते. कित्येक मोटरहोम फोर्डच्या चॅसीवर बांधलेली असतात, आणि फोर्डच्या टोइंगच्या सूचनांनुसार मागे ओढलेलं वजन १,५०० पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ६८० किलोंपेक्षा जास्त असेल तर त्याला स्वतंत्र ब्रेक हवेत. आज रस्त्यावर दिसणारी कुठलीही नेहमीची कार याहून जड असते. त्यामुळे ब्रेक लावायचे की नाही हा प्रश्न इथेच संपतो. ठरवायचं आहे ते एवढंच, की कुठले लावायचे आणि ते चालू आहेत याची खात्री कशी करायची. त्यासाठी पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

पायरी १ : तुमची कार कशी नेता येईल ते ठरवा

कार न्यायच्या तीन रीती आहेत.

- चारही चाकं रस्त्यावर ठेवून. कारच्या पुढच्या भागाला बेसप्लेट बसवायची आणि टो बारने ती मोटरहोमला जोडायची. जोडणं-सोडणं काही मिनिटांचं काम. पण हे प्रत्येक कारला चालत नाही.
- टो डॉलीवर. पुढची दोन चाकं डॉलीवर, मागची रस्त्यावर. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांसाठी ही सोय आहे. ऑल-व्हील ड्राइव्हच्या गाडीला ती चालत नाही.
- ट्रेलरवर. चारही चाकं वर. जवळपास कुठलीही कार नेता येते, पण ट्रेलरचं वजनही मोजावं लागतं.

कारच्या मॅन्युअलमध्ये ‘रिक्रिएशनल टोइंग’ असं प्रकरण असतं. अंतिम शब्द त्याचाच. विकणाऱ्याचा नाही, शेजाऱ्याचा नाही, व्हिडिओतल्या माणसाचाही नाही. मॉडेलचं नाव तेच असलं तरी वर्ष आणि गिअरबॉक्स बदलला की उत्तर बदलतं. होंडा सीआर-व्हीचंच बघा. २०१४ पर्यंतच्या गाड्या मॅन्युअलमधली पद्धत पाळून चारही चाकांवर ओढता येत. २०१५ पासून तिच्यात सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ती मुभा गेली. सीव्हीटीवाली सुबारू आणि टेस्ला यांनाही ही रीत चालत नाही. टू-स्पीड ट्रान्सफर केस असलेली जीप रँग्लर मात्र यासाठीच अनेकांच्या पसंतीची आहे.

‘गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की झालं’ हा या विषयातला सगळ्यात महागडा गैरसमज आहे. पुष्कळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन बंद असताना तेल फिरत नाही. चाकं फिरत राहतात, आतले भाग कोरडे घासतात आणि गिअरबॉक्स कामातून जाऊ शकतो.

पायरी २ : वजनाचा हिशेब कागदावर मांडा

चार आकडे लिहून काढा :

1. मोटरहोमचं भरलेलं प्रत्यक्ष वजन. माणसं, पाणी, इंधन, सामान सगळं धरून.
2. जीसीडब्ल्यूआर, म्हणजे मोटरहोम आणि मागची गाडी मिळून कंपनीने मान्य केलेलं कमाल वजन.
3. हिचची, म्हणजे मोटरहोमच्या मागच्या जोडणीची क्षमता. ती हिचवरच्या लेबलवर असते.
4. टो बार आणि बेसप्लेटची क्षमता.

दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा. ही वजाबाकी, हिच आणि टो बार-बेसप्लेट यांतला सगळ्यात लहान आकडा ही तुमची मर्यादा.

एक उदाहरण घेऊ. फोर्ड ई-४५० चॅसीवरच्या क्लास सी मोटरहोमचा जीसीडब्ल्यूआर २२,००० पौंड आहे. भरलेलं मोटरहोम १४,२०० पौंड भरलं, तर ७,८०० पौंड उरले. पण हिचवर ५,००० लिहिलं असेल तर मर्यादा ५,००० पौंडांचीच. साडेचार हजार पौंडांची कार चारही चाकांवर नेली तर ती यात बसते. तीच कार दोन हजार पौंडांच्या ट्रेलरवर चढवली की साडेसहा हजार होतात आणि बेत तिथेच फसतो. टेस्ला ट्रेलरवर न्यायचा विचार करणाऱ्यांनी ही बेरीज आधी करावी.

मोटरहोमचं वजन अंदाजाने धरू नका. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात. थोड्या डॉलरांत पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन छापून मिळतं. सुट्टीचं सगळं सामान भरून मगच काट्यावर न्या.

पायरी ३ : कायदा जाणून घ्या, पण तिथेच थांबू नका

ब्रेकची सक्ती किती वजनापासून, हे प्रत्येक राज्य वेगळं ठरवतं. अनेक राज्यांत ही मर्यादा ३,००० पौंड आहे, टेक्सासमध्ये ४,५०० पौंड. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये मागची कार २,००० किलो किंवा त्याहून जड असेल, अथवा मोटरहोमच्या मान्य वजनाच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर तिला ब्रेक लागतात. पुष्कळ राज्यांचे नियम ट्रेलरला धरून लिहिलेले आहेत आणि टो बारने ओढलेल्या कारचा त्यात वेगळा उल्लेख नाही. गोंधळ होतो तो इथेच.

लक्षात ठेवायच्या गोष्टी :

- तुम्ही ज्या राज्यातून जाता आहात तिथले नियम पाळावे लागतात. वाटेतल्या सगळ्यात कडक राज्याला धरून तयारी करा.
- नियम फक्त ब्रेकचेच नसतात. कॅलिफोर्नियात मागे काहीही ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आहे आणि जोडगाडीची लांबी साधारणपणे ६५ फुटांपर्यंतच चालते.
- सक्ती नसणं म्हणजे जबाबदारी नसणं नव्हे. अपघात झाला तर ‘चॅसीच्या कंपनीने ब्रेक लावायला सांगितलं होतं, तुम्ही लावले का?’ असं समोरचा वकील विचारू शकतो.

पायरी ४ : ब्रेकचा प्रकार निवडा

डॉली किंवा ट्रेलर घेणार असाल तर ब्रेक त्यावरच असलेला घ्या. ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालणारे असतील तर मोटरहोममध्ये ब्रेक कंट्रोलर बसवावा लागतो. चारही चाकांवर कार नेणाऱ्यांसमोर चार पर्याय असतात.

- पेटीसारखी सुटी यंत्रणा. ब्रेक बडी, ब्लू ऑक्सची पेट्रियट, रोडमास्टरची ईव्हन ब्रेक ही या जातीतली नावं. पेटी ड्रायव्हरच्या सीटपुढे ठेवायची आणि तिचा हात ब्रेकच्या पेडलला अडकवायचा. वेग कमी होतोय हे तिला कळतं आणि ती पेडल दाबते. कार बदलली तरी पेटी चालते. मात्र प्रत्येक वेळी ती लावावी-काढावी लागते आणि लावण्यात चूक होऊ शकते.
- कायमची बसवलेली यंत्रणा. डेमकोची स्टे-इन-प्ले ड्युओ किंवा रोडमास्टरची इनव्हिझिब्रेक यांसारखी. एकदा बसवली की निघताना फक्त तारा जोडायच्या. वर्षातून अनेक सहली करणाऱ्यांनी हिचाच विचार करावा. कार विकलीत तर नव्या कारमध्ये बसवण्याचा खर्च पुन्हा येतो.
- एअर ब्रेकच्या मोटरहोमसाठीची यंत्रणा. मोठ्या डिझेल मोटरहोमना एअर ब्रेक असतात. डेमकोची एअर फोर्स वन त्याच हवेवर चालते. तुम्ही जितका ब्रेक दाबाल तितकाच मागे लागतो.
- रेट्यावर चालणारी यंत्रणा. मोटरहोम मंदावलं की कार पुढे रेटते. त्या रेट्याने टो बारमधली केबल ओढली जाऊन पेडल दाबलं जातं. रेडी ब्रूट टो बार याच पद्धतीचा. भाग कमी, बिघाडही कमी.

दुकानदाराला हे प्रश्न विचाराच :

- ब्रेक माझ्या दाबाच्या प्रमाणात लागतो, की दर वेळी ठरावीक जोराने? प्रमाणात लागणारा चांगला.
- माझ्या नेमक्या मॉडेलला आणि वर्षाला ही यंत्रणा चालते का? हायब्रिड गाड्यांचं पेडल इंजिन बंद असतानाही वेगळं वागतं, म्हणून यंत्रणेच्या कंपनीकडून लेखी होकार घ्या.
- ब्रेक लागल्याचं मोटरहोममध्ये मला कळेल का? दिवा किंवा मॉनिटर हवाच.
- ब्रेकअवे (तो काय, ते पुढे येतंच) सोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो?

यंत्रणेला साधारण हजार ते दोन हजार डॉलर पडतात. टो बार, बेसप्लेट आणि बसवण्याची मजुरी वेगळी. म्हणून ‘टो बार आत्ता, ब्रेक पुढच्या वर्षी’ असा हप्ता पाडू नका. दोन्हींचं बजेट एकच ठेवा.

ब्रेकअवे म्हणजे काय आणि तो का हवा?

धावता धावता टो बार तुटला किंवा पिन निघाली तर बिनचालकाची कार महामार्गावर सुटते. त्या क्षणी तिचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून ब्रेकअवे. कारच्या पुढे एक छोटा स्विच असतो आणि त्यातली पिन एका केबलने मोटरहोमला बांधलेली असते. कार सुटली की पिन निघते आणि ब्रेक लागतात.

- केबलचं टोक मोटरहोमच्या पक्क्या भागाला अडकवा, टो बारला नव्हे. टो बारच सुटून आला तर केबल त्याच्यासोबत येईल आणि पिन निघणारच नाही.
- वळणावर ताण येणार नाही इतकी ती सैल हवी, पण रस्त्याला घासता कामा नये.
- सेफ्टी केबल्स वेगळ्या. त्या टो बारखालून एकमेकींना छेदून बांधा आणि त्यांची क्षमता कारच्या वजनाइतकी तरी असू द्या.
- ब्रेकअवे कारच्या बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली असेल तर तो नुसता नावाला. ब्रेकची यंत्रणा आणि अर्धवट चालू ठेवलेलं इग्निशन दिवसभरात बॅटरी खाऊ शकतात, म्हणून मोटरहोममधून चार्जिंगची तार ओढून घ्या.

निघण्यापूर्वी : क्रमाने करायच्या गोष्टी

1. सपाट, सरळ जागी कार जोडा. टो बार जवळपास समपातळीत हवा. तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर उंची जुळवणारा रिसीव्हर घ्या.
2. मॅन्युअलप्रमाणे गिअर लावा. ऑटोमॅटिक रँग्लर असेल तर ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये आणि गिअर पार्कमध्ये. पार्कमध्ये ठेवण्याआधी इंजिन चालू असताना गिअर क्षणभर ड्राइव्हमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये टाकून ब्रेक सोडून बघा. कार जागची हलली तर ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये गेलेली नाही.
3. स्टिअरिंग लॉक झालेलं नाही आणि हँडब्रेक सुटलेला आहे, हे हात लावून पाहा.
4. पेटीची यंत्रणा असेल तर इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते हळूहळू कडक होत जातं. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपल्याची ही खूण. तो शिल्लक असताना पेटी लावली तर सुरुवातीचे ब्रेक गरजेपेक्षा जोरात लागतात. पेडल कडक झाल्यावरच पेटी ठेवा, सीट पुढे सरकवून तिला पाठीमागून भक्कम टेकू द्या आणि मग हात पेडलला अडकवा.
5. तारा, सेफ्टी केबल्स, ब्रेकअवे जोडा. घरातल्या कुणाला तरी मागे उभं करून इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे तपासा.
6. ब्रेकअवेची पिन ओढून कारचं पेडल दाबलं जातंय ना, ते पाहा आणि पिन परत बसवा.
7. मोकळ्या जागी माणसाच्या चालीने पुढे जाऊन ब्रेक दाबा. मॉनिटरवर इशारा यायला हवा. कारची चाकं फिरतायत ना, हे मागच्या माणसाने बघावं.
8. दहाएक मैलांवर थांबा. चाकांना न शिवता जवळ हात नेऊन बघा, नाहीतर इन्फ्रारेड थर्मामीटर लावा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर ब्रेक अडकून राहिलाय. तसंच पुढे गेलात तर धूर, टायर फुटणं, आग, काहीही होऊ शकतं.

मुक्कामी पोहोचल्यावर कार सोडताना पेटी आधी काढा आणि मगच इंजिन चालू करा.

घाटात उतरताना

कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ११,००० फूट उंचीवर आहे. तिथून उतरताना ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी खडीचे चढ बांधलेले दिसतात. वायोमिंगमध्ये जॅक्सनजवळच्या टेटन खिंडीत दहा टक्क्यांचा उतार आहे. यलोस्टोनच्या एका वाटेवर हाच रस्ता लागतो. असे रस्ते टाळता येत असतील तर टाळा. नाहीच टाळता आले तर :

- उतार लागण्याआधीच वेग कमी करा आणि खालचा गिअर घ्या. ‘टो-हॉल’ मोड असेल तर लावा, डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तोही.
- पेडलवर पाय सतत ठेवू नका. तुमचा पाय पेडलवर असेपर्यंत मागच्या कारचे ब्रेकही घासत राहू शकतात आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत तापून ढिले पडतात. एकदा नीट दाबून ताशी पाच-दहा मैलांनी वेग उतरवा, पाय पूर्ण काढा, गरज पडली की पुन्हा दाबा.
- मागचे ब्रेक थांबण्यासाठी आहेत. त्यांच्या भरवशावर वेग वाढवू नका.

हमखास होणाऱ्या चुका

- मागे घेणं. टो बारने किंवा डॉलीने जोडलेली कार घेऊन रिव्हर्स करू नका. पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि टो बार वाकतो. पेट्रोल पंपावर अडकलात तर कार सोडा, मोटरहोम काढा, पुन्हा जोडा.
- डॉलीचे पट्टे एकदाच आवळणं. काही मैलांत ते सैल होतात. थांबून पुन्हा आवळा.
- टायर विसरणं. कारचा टायर फुटला तरी मोटरहोममध्ये पत्ता लागत नाही. कारच्या चाकांनाही टायरप्रेशरचे सेन्सर लावा.
- भाड्याच्या मोटरहोमला कार जोडणं. बहुतेक भाडे-कंपन्या याला परवानगी देत नाहीत. करारात लिहिलेलं असेल तरच जोडा, नाहीतर विमा हात वर करू शकतो.

तुमचे हक्क

- वॉरंटी. ‘बाहेरची बेसप्लेट बसवलीत, आता वॉरंटी गेली’ असं अमेरिकेतला डीलर नुसतं म्हणू शकत नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यामुळे, बिघाड त्या भागामुळेच झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. मॅन्युअलने मनाई केलेली असताना कार ओढलीत, तर मात्र हा कायदा तुमच्या मदतीला येणार नाही.
- रिकॉल. सुरक्षेशी संबंधित दोषाची दुरुस्ती कंपनीने फुकट करून द्यायची असते, वाहन पहिल्यांदा विकलं गेल्यापासून १५ वर्षांपर्यंत. ‘एनएचटीएसए’ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर वाहनाचा व्हीआयएन क्रमांक टाकून बघा. मोटरहोमचा आणि कारचा वेगवेगळा. टो बार किंवा ब्रेकयंत्रणेत दोष आढळला तर तिथेच तक्रारही करता येते.
- विमा. जोडलेल्या कारमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर कुठली पॉलिसी लागू होईल आणि तुमच्या कारचं नुकसान कुठली भरून देईल, हे एजंटकडून ईमेलवर लिहून घ्या.
- बसवण्याचं काम. पैसे देण्याआधी चालू यंत्रणेचं प्रात्यक्षिक मागा : ब्रेक, दिवे, ब्रेकअवे, तिन्ही. बिलावर भागांची नावं आणि क्षमता लिहून घ्या.

हे सगळं जमणारं नसेल तर

कार ओढण्यालायक नसेल, वजन बसत नसेल किंवा खर्च परवडत नसेल, तर कार दुसऱ्याने मागून चालवत आणावी, किंवा मुक्कामाच्या गावी भाड्याने घ्यावी. वर्षातून एखादीच सहल करणाऱ्या कुटुंबाला अनेकदा तेच स्वस्त पडतं. ब्रेक न लावता कार बांधून नेणं हा मात्र पर्यायच नाही. मोटरहोममध्ये तुमची मुलं आणि आई-वडील बसलेले असतात आणि पुढच्या गाडीत दुसऱ्या कुणाची तरी. यंदा सहलीची तारीख ठरवण्याआधी कारचं मॅन्युअल आणि हिचवरचं लेबल वाचा. मागच्या कारला चालू ब्रेक आणि चालू ब्रेकअवे असल्याशिवाय अंगणातून निघू नका.